एक्सपीच्या मशीनवर वेब पान: देवगड तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळेचं नाव लिहीत नाही, देवगड तालुक्यातली आहे, सड्यावर आहे, खाली खाडी दिसते, एवढं पुरे. मी तिथलाच माजी विद्यार्थी. पुण्यात आठ वर्षं वेबसाईटी बनवायचं काम केलं, लॉकडाऊनमधे घरी आलो तो राहिलोच, आता घरून काम करतो आणि आंब्याच्या दिवसांत बागेत असतो. जून २०२३ मधे मुख्याध्यापक बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरातला ना रे, आमच्या आठवी-नववीच्या मुलांना वेबसाईट करायला शिकव. बुधवार-शनिवार दोन दोन तास. मानधन काय मिळायचं नाही, चहा मिळेल." मी हो म्हटलं. लॅब बघायच्या आधी हो म्हटलं, ही पहिली चूक.

लॅबमधे दहा मशीन आणि ऑफिसात एक. दहातली सहा पेंटियम फोर, त्यात विंडोज एक्सपी, रॅम एक जीबी, दोघांत तर ५१२ एमबी. बाकीची चार कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, ३२ बिटवालं विंडोज सेव्हन. ऑफिसातलं आय-थ्री होतं, विंडोज टेनवालं, पण त्यावर शाळेची सगळी ऑनलाईन माहिती भरायची असते त्यामुळे त्याला हात लावायचा नाही असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही पश्चिमेकडच्या खिडकीत ठेवला तर.

आणि मशीनवर प्लॅस्टिकची कव्हरं. शिपाईकाकांनी वर्षानुवर्षं जपलेली. "ती काढू नकात, खारो वारो लागतलो." त्यांचं चुकत नव्हतं, पण पावसाळ्यात त्या कव्हराच्या आत दमट हवा कोंडून राहते, आणि दहापैकी चार मशीन चालूच होईनात.

अडचण

मला विचारलेला प्रश्न साधा होता: फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं ते सांग, म्हणजे वर्ग सुरू करू. बजेट तीन हजार, मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी गोळा केलेले.

मी पण तोच प्रश्न धरून बसलो. एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, कुठला, एडिटर कुठला. पहिले तीन आठवडे त्यात गेले. खरी अडचण एडिटरची नव्हतीच, ब्राऊझरची होती, आणि त्याच्याही आधी मशीन चालू राहण्याची होती. एचटीएमएल, म्हणजे वेब पानाची भाषा, लिहायला काहीही चालतं हो, साधी अक्षरंच तर आहेत. पण लिहिलेलं दाखवणार तो ब्राऊझर, आणि एक्सपीवर क्रोम ४९ नंबरच्या आवृत्तीच्या पुढे जात नाही, फायरफॉक्स ५२ च्या पुढे जात नाही. विंडोज सेव्हनवर क्रोम १०९ ला थांबलं, फायरफॉक्सचं ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळलेली आवृत्ती) चालतं. म्हणजे एकाच खोलीत दोन वेगळ्या काळातली मशीनं आणि मी मुलांना एकच धडा शिकवणार.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पुण्यात काम करताना जुन्या ब्राऊझरचा विचार सोडून दिलेला, ती सवय इथे नडली.

काय काय पर्याय बघितले

ऑनलाईन एडिटर, म्हणजे ब्राऊझरमधेच लिहायचं आणि बाजूला दिसतं तसले, ते पहिल्या दिवशीच बाद. वीस-तीस मुलं आणि खिडकीतला एक मोबाईल. शिवाय त्या साईट जुन्या ब्राऊझरमधे धड उघडतही नाहीत.

मग व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टचा फुकट एडिटर. मी स्वतः रोज तेच वापरतो त्यामुळे हट्टच होता. एक्सपीवर सेटअपच चालत नाही. सेव्हनसाठी १.७० ही शेवटची आवृत्ती, ती उतरवून टाकली, चालली. कागदावर त्याला एक जीबी रॅम पुरते. पण व्हीएस कोड म्हणजे आतून एक अख्खं क्रोमियम, क्रोमचा गाभाच असतो, आणि बाजूला फायरफॉक्स उघडला की दोन जीबीत दोन ब्राऊझर झाले, त्यात हार्ड डिस्क जुनी. एक अक्षर टाईप केलं की दिसायला वेळ. मुलं कंटाळून बाहेर बघायला लागली. मी दोन शनिवार सेटिंग बंद कर, एक्सटेन्शन काढ, असं करत बसलो. आता वाटतं, पहिल्या अर्ध्या तासात सोडायला हवं होतं. मला ते मुलांसाठी हवं होतं की आपण भारी शिकवतोय असं मलाच वाटायला हवं होतं, देव जाणे.

ॲटम आणि ब्रॅकेट्स ही नावं गावातल्या एका इंजिनियरिंगच्या मुलाने सुचवली. ॲटम डिसेंबर २०२२ मधे बंद झालं, ब्रॅकेट्सचा आधार अडोबीने सप्टेंबर २०२१ मधे काढला. तशी जुनी आवृत्ती चालते, पण दोन्ही व्हीएस कोडच्याच जातीची, जड.

तालुक्याच्या ठिकाणचा एक कॉम्प्युटरवाला पेन ड्राईव्ह घेऊन आला, त्यात क्रॅक केलेलं ड्रीमवीव्हर, वेबसाईट बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर. "सर, फुकटच आहे की." इथे बाईंचा निर्णय महत्त्वाचा ठरला, मी कदाचित "टाकून बघू" म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, शाळेत चोरीचं नको, मुलं बघतात. आणि तो पेन ड्राईव्ह ऑफिसच्या मशीनला लावू दिला नाही. बरं झालं, कारण घरी लावून बघितला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, तोच जुना व्हायरस.

कोम्पोझर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, वर्डसारखं टाईप करायचं, मागे एचटीएमएल आपोआप बनतं. एक्सपीवर लोण्यासारखं चालतं. पण त्याचं काम २०१० पासून थांबलेलं, जे एचटीएमएल बनवतं ते त्या काळातलं. आणि मुलांना टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा, दिसणारच नसतील तर शिकवायचं काय?

मग साधं नोटपॅड. तेवढ्यात ते दोन घोळ झाले जे बहुतेक सगळ्या शाळांत होत असावेत. एक, फाईलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल दिलं तरी नोटपॅड मागे डॉट टीएक्सटी लावतं आणि विंडोज ते शेपूट लपवतं, त्यामुळे मुलाला वाटतं सगळं बरोबर आहे पण पान काही उघडत नाही. दुसरा जास्त वाईट. नववीतल्या एका मुलीने मराठीत नाव लिहिलं, सेव्ह केलं, उघडलं, आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. "सर, माझा नाव खंय गेला?" जुनं नोटपॅड फाईल अँसी नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह करतं, त्यात देवनागरी बसत नाही, आणि एकदा प्रश्नचिन्हं झाली की झाली, परत येत नाहीत. सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडायचं असतं, पण तेरा वर्षांच्या पोरांना दर वेळी ते लक्षात राहील असं धरून चालणं चूक. ऑफिसातल्या एका सरांनी श्रीलिपीत टाईप केलेला जुना मजकूर चिकटवायला दिला तेव्हा तर वेगळीच गंमत, मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला. तो श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टचा प्रश्न, यूटीएफ-८ निवडून सुटणारा नाही, पण मुलांना दोन्ही एकदम समजावताना माझी फे फे उडाली.

शेवटी राहिले दोन: नोटपॅड प्लस प्लस हा फुकटचा हलका एडिटर, किंवा विंडोजच काढून त्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं.

निर्णयाची जागा

लिनक्सच्या बाजूने बरंच होतं. तिकडे केरळात सरकारी शाळा वर्षानुवर्षं फ्री सॉफ्टवेअरवर चालतात. जुन्या ३२ बिट मशीनसाठी अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स आहे, त्याची २३ नंबरची आवृत्ती ऑगस्ट २०२३ मधे आली, डेबियन १२ या मोठ्या लिनक्सवर बांधलेली, आणि त्यात त्या वेळचा ताजा फायरफॉक्स मिळत होता. म्हणजे पेंटियम फोरवर ताजा ब्राऊझर. ब्राऊझरचा प्रश्नच मिटतो.

विरोधातही होतं. बाकीचे शिक्षक घाबरले, "मुलं पुढे एमएस-सीआयटी करणार, तिथे विंडोजच." आणि मी नसताना बिघडलं तर बघणार कोण? हा प्रश्न बाईंनी विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मधला मार्ग काढला: दोन मशीनवर अँटीएक्स, बाकी आठ विंडोजवर तशीच, आणि विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस. त्याची नवी आवृत्ती एक्सपीवर चालत नाही, ७.९.२ ही एक्सपीवर चालणारी शेवटची. सेव्हनवर नवी टाकता आली असती, पण मुद्दाम सगळीकडे तीच जुनी टाकली, कारण फळ्यावर मेनू काढून दाखवला तर तो प्रत्येकाच्या स्क्रीनवर तसाच दिसायला हवा. सुरक्षेच्या दृष्टीने जुनी आवृत्ती बरी नाही हे कबूल. म्हणूनच दुसरा निर्णय: एक्सपीच्या मशीनना इंटरनेट द्यायचंच नाही. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मधे संपलाय. त्यावर नेट म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

काय केलं

सगळ्यात आधी मशीन. खरं तर हे जूनमधेच करायला हवं होतं, केलं ऑगस्टमधे. कव्हरं काढली, कॅबिनेट उघडली, एकात पालीची अंडी, दुसऱ्यात मुंग्यांनी घर केलेलं. रॅम काढून तिचे पिवळे पट्टे खोडरबराने घासले, खाऱ्या हवेने त्यावर थर जमतो, आणि चारपैकी तीन मशीन तेवढ्यावर चालू झाली. चौथ्याचा पॉवर सप्लाय गेलेला, जुना दुसरा मिळाला. शिपाईकाका बाजूला उभे राहून बघत होते, नंतर त्यांनीच सुती चादरी आणल्या कव्हराच्या जागी.

मदरबोर्डवरच्या सेलचं सांगायला हवं. सीआर २०३२, छोटासा चपटा. जवळजवळ सगळ्या मशीनमधे मेलेला, त्यामुळे रोज सकाळी तारीख मागे जाऊन २००२ की २००५ वर. सेव्हनच्या मशीनवर नेट लावलं की सगळ्या साईट सर्टिफिकेट चुकीचं म्हणून अडवायच्या आणि मी एक अख्खा बुधवार ब्राऊझरला दोष देत बसलो. दहा सेल आणले, प्रश्न संपला.

नोटपॅड प्लस प्लसमधे दोन गोष्टी आधीच करून ठेवल्या. नवीन फाईल यूटीएफ-८ मधेच उघडेल असं सेटिंग, आणि प्रत्येक डेस्कटॉपवर एक कोरी इंडेक्स फाईल, वर चारसेटची ओळ, म्हणजे फाईल यूटीएफ-८ आहे हे ब्राऊझरला सांगणारी, लिहिलेली. मुलं तीच कॉपी करून सुरुवात करायची. त्या एडिटरमधे मराठी मेनूही आहे, एक दिवस लावून बघितला. "सेव्ह कुठे आहे?" असं विचारायला लागली मुलं, परत इंग्रजी केला. एक्सपीवर मराठी टायपिंग सुरू करायला विंडोजची सीडी मागतं, ती कुणाकडे नव्हती, एका जुन्या सरांच्या कपाटात सापडली, बुरशी पुसून वाचली.

पण खरा फायदा झाला तो लाईटीचा. यूपीएस सगळे मेलेले, आणि जुलै-ऑगस्टात आमच्याकडे तासाला दोनदा लाईट जाणं नवीन नाही. नोटपॅड प्लस प्लस दर सात सेकंदांनी, सेव्ह न केलेल्या फाईलचीसुद्धा, आपली प्रत ठेवतं. लाईट आली, मशीन चालू केलं, प्रोग्रॅम उघडला, की अर्धं लिहिलेलं पान समोर. नोटपॅडमधे हे सगळं गेलं असतं आणि दोन वेळा गेलं की मूल परत येत नाही. तरी पूर्ण भरवसा नको. दोनदा फाईलमधे मजकुराऐवजी ओळभर काळ्या चौकटीत एनयूएल एनयूएल, म्हणजे नुसती रिकामी अक्षरं, असं निघालं, लिहिता लिहिताच लाईट गेलेली. त्यानंतर तास संपला की सगळ्यांचे फोल्डर मी एका पेन ड्राईव्हवर घ्यायचो, आणि तो पेन ड्राईव्ह फक्त अँटीएक्सच्या मशीनवर उघडायचो.

अँटीएक्स टाकायलाही घाम फुटला. ती मशीन पेन ड्राईव्हवरून चालूच होत नाहीत, आणि पुरं अँटीएक्स सीडीत मावत नाही. प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर, मशीन कशावरून चालू व्हायचं ते ठरवणारा, सीडीवर टाकून त्यातून पेन ड्राईव्ह चालू केला. तिथे एडिटर म्हणून जीनी, ५१२ एमबीतसुद्धा तो चालला. फायरफॉक्स मात्र ५१२ त रडतो, म्हणून त्या मशीनमधे कपाटातली जुनी रॅम टाकून एक जीबी केली.

आणि ब्राऊझर: एक्सपीवर क्रोम ४९ ऐवजी फायरफॉक्स ५२ ठेवला. कारण एकच, सीएसएस या पान सजवायच्या भाषेतलं ग्रिड, म्हणजे चौकटी मांडायची पद्धत, ५२ मधे आलं, क्रोम ४९ मधे नाही.

शिकवताना जे निघालं

ऑक्टोबरमधे फ्लेक्स, सीएसएसमधली चौकटी ओळीत मांडायची पद्धत, शिकवत होतो. मी घरी बनवलेला नमुना, त्यात चौकटींमधे अंतर सोडायला गॅप. सेव्हनवाल्या मुलांचं झकास. एक्सपीवाला एक जण उठला, "सर, तिच्या मशीनार बरा दिसता, माझ्या मशीनार सगळे चिकाटले कित्याक?" फ्लेक्समधला गॅप फायरफॉक्सला ६३ पासून कळतो. त्याचा ५२. ग्रिडमधे चाललं असतं, पण तिथेही जुन्या नावाने, ग्रिड-गॅप म्हणून.

त्या दिवशी वर्गातच ठरलं: सगळ्यात जुन्या मशीनवर जे चालेल तेच लिहायचं. अंतराला मार्जिन. फळ्याशेजारी कागद लावला, काय चालतं काय नाही. ही यादी मुलांनीच वाढवत नेली, घरी मोबाईलवर व्हिडीओ बघून कोड आणायची आणि आधी तीन नंबरच्या एक्सपी मशीनवर तपासायची. मला वाटलेलं जुन्या मशीनमुळे त्यांचं शिकणं कमी होईल. उलट, एकाच कोडची दोन मशीनवर दोन रूपं बघून ब्राऊझर म्हणजे काय हे त्यांना जेवढं कळलं तेवढं मला पहिल्या नोकरीत कळलं नव्हतं.

जावास्क्रिप्टमधे एका मुलाने बापाच्या बागेसाठी पेटीचा हिशोब करणारं पान केलं. पेटीचा दर एका चौकटीत, गाडीभाडं दुसऱ्या. २४०० आणि १५०, बटण दाबलं, उत्तर २४००१५०. चौकटीतला आकडा ब्राऊझर अक्षरं म्हणून देतो, अधिक चिन्हाने अक्षरं चिकटतात. स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याचा बाप नेमकी जुनी फाईल उघडून बसला आणि म्हणाला, "ह्यो दर वाशीक गावलो तर आणि काय होया?" पोराने ते नंबरमधे बदलून दुरुस्त केलेलं, पण मराठी कीबोर्ड चालू ठेवून २४०० असे देवनागरी आकडे टाकले की परत उत्तर एन-ए-एन, म्हणजे हा आकडाच नाही. जावास्क्रिप्टला आपले आकडे आकडे वाटतच नाहीत. मग त्याने देवनागरी आकड्यांचे इंग्रजी करणारी दहा ओळींची पट्टी लिहिली, स्वतः, मी फक्त कुठे बघ ते सांगितलं.

काय झालं

फेब्रुवारी २०२४ पर्यंत ३१ पैकी १९ मुलांची पानं पुरी झाली. सात जणांनी मधेच सोडलं, त्यातली चार मुली, घरी जायची एसटी चुकते म्हणून, ह्यात सॉफ्टवेअरचा काहीच संबंध नाही आणि मला ते डिसेंबरपर्यंत कळलं नव्हतं. वेळ शाळेच्या तासांत घेतली असती तर त्या राहिल्या असत्या. उरलेल्या पाच जणांचं अर्धवट.

संमेलनात एका अँटीएक्स मशीनवर पायथनच्या एका ओळीने छोटा सर्व्हर चालू केला, आणि तेच मशीन माझ्या हॉटस्पॉटला जोडून पालकांच्या मोबाईलवर पानं उघडून दाखवली. तिथे कळलं की कुणीच व्ह्यूपोर्टची ओळ, पान मोबाईलच्या रुंदीला बसवणारी, लिहिली नव्हती, सगळी पानं मोबाईलवर मुंगीएवढी. मीच शिकवली नव्हती. लॅबमधे मोबाईल होता तो फक्त हॉटस्पॉटपुरता, म्हणून सुचलंच नाही. घरोघरी मात्र मोबाईलच होता.

खर्च अठ्ठावीसशे आणि काहीतरी. सेल, पॉवर सप्लाय, एक आठ पोर्टचा स्विच, पेन ड्राईव्ह. सॉफ्टवेअरवर शून्य.

आज करायचं झालं तर

पहिल्या दिवशी वही घेऊन प्रत्येक मशीनपुढे बसेन. प्रोसेसर, रॅम, विंडोज कुठलं, ब्राऊझर कुठपर्यंत जातो, तारीख टिकते का. एका दुपारचं काम, ते न केल्याने दीड महिना गेला. व्हीएस कोडकडे वळणारच नाही. अँटीएक्स दोनाऐवजी चार मशीनवर टाकेन, पण सगळ्यांवर आजही नाही, बाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून अर्धंच आहे. आणि मोबाईल सुरुवातीपासून वर्गात आणेन, निदान तपासायला. नंतर कळलं की दोन मुलं घरी एकोड नावाचं फुकट ॲप घालून मोबाईलवरच लिहीत होती, मला सांगायला घाबरत होती, शाळेत मोबाईल बंदी ना.

पुढच्या पावसात एका अँटीएक्स मशीनचा मदरबोर्ड गेला. त्याची हार्ड डिस्क काढून शेजारच्या दुसऱ्या मशीनला लावली, जशीच्या तशी चालू झाली, मुलांचे फोल्डरही जागेवर. हे काम त्याच मुलीने केलं, जिचं नाव प्रश्नचिन्हं झालं होतं. मी तेव्हा बागेत होतो, मला फोनही आला नाही.